रकाना नसलेलं मरण

रविवारी सकाळी गुरुद्वाऱ्यात सगळ्यात आधी जाग येते ती लंगरच्या स्वयंपाकघराला. दिवाण, म्हणजे प्रार्थनासभा, भरायला अजून अवकाश असतो, पण कणीक मळायला, डाळ चढवायला, भाज्या चिरायला बायका केव्हाच येऊन बसलेल्या असतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहराच्या दक्षिणेला ओक क्रीक नावाचं उपनगर आहे. तिथल्या गुरुद्वाऱ्यातही ५ ऑगस्ट २०१२च्या सकाळी हेच चाललं होतं. दहा वाजून गेले होते. मुख्य कार्यक्रम साडेअकराच्या सुमाराचा, त्यामुळे गर्दी व्हायची होती. आणखी तासाभराने तो माणूस आला असता तर काय झालं असतं, हा विचार त्या गावात नंतर कितीतरी जणांनी केला.

बाहेर खेळणाऱ्या दोन लहान भावंडांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं. लाल गाडीतून उतरलेला, टक्कल केलेला, दंडभर गोंदवून घेतलेला एक गोरा माणूस. त्याने गाड्या लावायच्या जागेतच दोन मोठ्या माणसांना गोळ्या घातल्या. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा अकराचा. ती भावंडं आत पळाली आणि ओरडून सगळ्यांना सावध करू लागली. स्वयंपाकघरातल्या बायका आणि आणखी काही जण बाजूच्या कोठीच्या खोलीत शिरले. डझनाहून जास्त माणसं, पिठा-तांदळाच्या पोत्यांमध्ये, दार लावून. बाहेर गोळ्यांचे आवाज आणि आत कुणाचा फोन वाजू नये याची धास्ती. आतून कुणी कुजबुजत पोलिसांना फोन लावत होतं, कुणी घरी असलेल्या मुलांना कळवत होतं की येऊ नका.

गुरुद्वाऱ्याचे अध्यक्ष सतवंतसिंग कलेका ६५ वर्षांचे होते. १९८२ मध्ये पंजाबातून येऊन, पेट्रोलपंपांवर राबून त्यांनी बस्तान बसवलं. घरासमोर भलामोठा अमेरिकी झेंडा लावण्याची त्यांना हौस. हल्लेखोरावर ते हाताला सापडलेली बोथट सुरी घेऊन धावून गेले, असं तपास यंत्रणेने नंतर त्यांच्या मुलाला सांगितलं. बंदुकीपुढे सुरी कितीशी टिकणार? पण त्या झटापटीने काही क्षण मिळाले, आणि तेवढ्यात आतल्या माणसांना लपता आलं, असं त्यांच्या घरचे मानतात.

पहिला पोलीस अधिकारी पोहोचला तो लेफ्टनंट ब्रायन मर्फी. एका जखमी माणसाला पाहायला तो गाडीतून उतरतो न उतरतो तोच हल्लेखोर समोर आला. मर्फीच्या शरीरात १५ गोळ्या लागल्या. एक हनुवटीतून गळ्याकडे गेली, आवाज कायमचा बदलला. मदतीला आलेल्या सहकाऱ्यांना त्याने हाताने खूण केली की माझ्याकडे नको, आत जा. सॅम लेंडा या दुसऱ्या अधिकाऱ्याने लांबून रायफलची गोळी हल्लेखोराच्या पोटात मारली. खाली पडल्यावर त्याने स्वतःच स्वतःच्या डोक्यात गोळी घातली.

सहा जण गेले. कलेकांखेरीज सीतासिंग आणि रणजितसिंग हे दोघे सख्खे भाऊ, गुरुद्वाऱ्यातच राहून सेवा करणारे. रणजितसिंगांनी भारतातल्या बायकामुलांना सोळा वर्षं पाहिलं नव्हतं. ग्रंथपठण करणारे ग्रंथी प्रकाशसिंग ३९ वर्षांचे, त्यांचं कुटुंब काही आठवड्यांपूर्वीच भारतातून येऊन पोहोचलं होतं. सुवेगसिंग खट्टरा ८४ वर्षांचे, पंजाबातले शेतकरी, म्हातारपणी मुलाकडे आलेले. आणि परमजित कौर, ४१ वर्षांची, कारखान्यात लांबलचक पाळ्या करून दोन मुलांना वाढवणारी. त्या सकाळी गुरू ग्रंथसाहिबापुढे माथा टेकून ती उठत होती.

या दिवाणखान्याशी आपलं एक नातं आहे, ते सांगितलं पाहिजे. जो ग्रंथ तिथे प्रकाशमान होता त्याला गुरूचं स्थान मिळालं ते १७०८ मध्ये, आपल्या नांदेडला, गोदावरीकाठी. गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला तो तिथेच. आणि त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत. पंढरपूरच्या शिंप्याची वाणी विस्कॉन्सिनच्या थंडीत दर आठवड्याला गायली जाते, हे नामदेवांच्या पंजाबातल्या घुमानला २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा आपल्याकडे थोडंफार बोललं गेलं. पुढे विसरलंही गेलं.

हल्लेखोर होता वेड मायकल पेज, वय ४०. त्याचं नाव कळायच्या आधीच वाहिन्यांवर एक वाक्य फिरू लागलं होतं, आणि ते पुढे कित्येक दिवस फिरत राहिलं. त्याचा आशय असा : त्याने बहुधा या लोकांना मुसलमान समजून मारलं. दाढी, पगडी, सावळा रंग. गैरसमज झाला. वार्ताहर सद्भावनेनेच हे सांगत होते. शीख म्हणजे मुसलमान नव्हेत, हेही ते प्रेक्षकांना समजावून देत होते आणि त्यासाठी पडद्यावर नकाशे काढत होते. मिट रॉम्नी तेव्हा अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे होते. हल्ल्यानंतर श्रद्धांजली वाहताना त्यांनी ‘शीख’ म्हणायच्या ऐवजी ‘शेख’ म्हटलं. जीभ घसरली असेल. पण गाडी कोणत्या रुळावर होती ते त्यावरून कळतं.

या ‘गैरसमजा’च्या गोष्टीत एक विष आहे, आणि ओक क्रीकच्या शिखांनी ते लगेच ओळखलं. चुकून मारलं म्हणायचं, तर बरोबर कुणाला मारायला हवं होतं? सुटकेचा सोपा रस्ता त्यांना उघडा होता. आम्ही ते नव्हेत, आमचा त्यांच्याशी संबंध नाही, एवढं म्हटलं की सहानुभूतीचा मोठा वाटा पदरात पडला असता. समाजातल्या काहींच्या मनात तो विचार आलाही असेल, माणसंच ती. पण जे संघटनांच्या वतीने बोलले त्यांनी ती वाट घेतली नाही. शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवून स्वतःचं घर वाचवायला त्यांनी नकार दिला. मला या साऱ्या हकिकतीत सगळ्यात मोठं धाडस हेच वाटतं, सुरी घेऊन धावण्याइतकंच.

आणि शेजाऱ्याचं घर तर दुसऱ्याच पहाटे जळालं. ६ ऑगस्टला, चोवीस तासही उलटले नसताना, मिसुरी राज्यातल्या जॉपलिन गावातली मशीद आगीत भस्मसात झाली. त्याआधी महिनाभर, ४ जुलैला, तिच्या छताला आग लावण्याचा प्रयत्न झालाच होता. रमजानचे दिवस होते. हे करणारा माणूस पुढे पकडला गेला आणि त्याने न्यायालयात गुन्हा कबूलही केला. ओक क्रीकच्या बातम्यांच्या गदारोळात जॉपलिन कुठल्या कुठे दबून गेलं. ओक क्रीकसुद्धा फार दिवस टिकलं नाही. दोनच आठवड्यांपूर्वी कोलोरॅडोतल्या ऑरोरा गावी चित्रपटगृहात झालेल्या हत्याकांडावर देश अजून बोलत होता. गुरुद्वाऱ्याची बातमी मात्र ‘त्या समाजाची’ बातमी होऊन बसली.

वास्तविक शीख अमेरिकेला नवे नव्हते आणि त्यांच्यावरचे हल्लेही नवे नव्हते. १९०७ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात शेकडो गोऱ्या कामगारांच्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांना घरांतून, कारखान्यांतून ओढून काढलं आणि गावाबाहेर घालवलं. त्यांत बहुतेक शीख. वृत्तपत्रांनी त्यांना सरसकट ‘हिंदू’ म्हटलं. तेव्हाही कोण कुठला याची फिकीर कुणाला नव्हती. ११ सप्टेंबर २००१ नंतर चौथ्या दिवशी ॲरिझोनातल्या मेसा गावात बलबीरसिंग सोढी हा पेट्रोलपंपचालक आपल्या पंपासमोर फुलझाडं लावत असताना मारला गेला. त्या हल्ल्यांनंतरच्या सूडातला हा पहिला बळी मानला जातो. राज्याच्या ९/११ स्मारकावर त्याचं नाव कोरलं गेलं. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, ते नाव तिथून काढावं असं विधेयक ॲरिझोनाच्या विधिमंडळाने मंजूर केलं. युक्तिवाद असा की हा काही त्या हल्ल्याचा बळी नव्हे. राज्यपाल जॅन ब्रुअर यांनी नकाराधिकार वापरला म्हणून नाव राहिलं. एवढं झालं तेव्हा कुठे एका मेलेल्या माणसाची मेलेला म्हणून नोंद टिकली.

पेजकडे वळू. त्याच्याबद्दल लिहिताना हात आखडतो, कारण अशा माणसांना प्रसिद्धी हवीच असते. पण तो अचानक उगवला नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. १९९२ ते १९९८ तो अमेरिकी सैन्यात होता, शत्रूच्या मनावर परिणाम घडवण्याचं, मानसशास्त्रीय युद्धाचं काम करणाऱ्या तुकडीत. नशेत कामावर आल्यासारख्या कारणांवरून त्याची पदावनती झाली आणि पुन्हा भरती नाकारली गेली. पुढे तो वंशद्वेषी संगीताच्या वर्तुळात शिरला. हे एक वेगळंच जग आहे. कर्कश गिटार, गोऱ्या वंशाच्या रक्षणाची गाणी, गोदामांत आणि माळरानांवर होणारे जलसे, तबकड्या विकून उभा राहणारा पैसा. शाळा सोडलेल्या, नोकरी गेलेल्या पोरांना पत्रकापेक्षा हे ढोलकं लवकर ओढतं. पेज अनेक वाद्यवृंदांतून वाजवत फिरला, २००५ मध्ये त्याने स्वतःचा काढला, आणि ‘हॅमरस्किन्स’ या संघटित टोळीचा तो सदस्य झाला.

त्याला ओळखणारेही होते. द्वेषसंघटनांवर नजर ठेवणारी ‘सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर’ ही संस्था २०००पासून त्याच्या नावाची नोंद ठेवत होती. पीट सिमी या समाजशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात या वर्तुळाचा अभ्यास करताना पेजशी तासन्‌तास गप्पा मारल्या होत्या. त्या गप्पांत पेजने आपली मतं सैन्यात असतानाच पक्की झाल्याचं सांगितलं होतं. म्हणजे माहिती होती, फक्त ती जिथे पोहोचायला हवी तिथे तिला कुणी वाली नव्हता.

याचाच दुसरा धागा वॉशिंग्टनमध्ये आहे. डॅरिल जॉन्सन हा अंतर्गत सुरक्षा खात्यातला विश्लेषक. एप्रिल २००९ मध्ये त्याच्या गटाने एक अहवाल तयार केला. आर्थिक मंदी आणि पहिला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष या पार्श्वभूमीवर उजव्या अतिरेकी टोळ्यांची भरती वाढेल, आणि त्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांना आपल्याकडे ओढू पाहतील, असा इशारा त्यात होता. अहवाल फुटला. सैनिकांचा अपमान केला म्हणून राजकीय वादळ उठलं, खात्याच्या मंत्री जॅनेट नापोलिटानो यांनी माजी सैनिकांच्या संघटनेची माफी मागितली आणि अहवाल मागे घेतला गेला. जॉन्सनच्या गटाचं काम गुंडाळत आणलं गेलं. तो स्वतः वर्षभरात बाहेर पडला. तीन वर्षांनी गुरुद्वाऱ्यात शिरलेला माणूस माजी सैनिकच होता. अहवाल टिकला असता तर पेज थांबला असता, असं मी म्हणणार नाही. त्याने बंदूक हल्ल्याच्या आठवडाभर आधी, रीतसर, दुकानातून विकत घेतली होती, आणि त्या देशात ती घ्यायला त्याला काहीच आडकाठी नव्हती. पण आपल्याला कुणाची भीती बाळगायची हे ठरवताना एका सरकारने एक पान फाडून टाकलं होतं, एवढं खरं.

१९ सप्टेंबर २०१२ला सिनेटच्या एका उपसमितीपुढे द्वेषमूलक गुन्हे आणि देशांतर्गत अतिरेक या विषयावर सुनावणी झाली. सिनेटर डिक डर्बिन अध्यक्षस्थानी. साक्षीदारांत डॅरिल जॉन्सन होता. आणि होता हरप्रीतसिंग सैनी, परमजित कौरचा धाकटा मुलगा, वय १८, नुकताच महाविद्यालयात जाऊ लागलेला. त्याने आईबद्दल सांगितलं, तिच्या कष्टांबद्दल सांगितलं आणि मग एक मागणी केली. मागणी अशी की माझ्या आईला निदान आकडेवारीतला एक आकडा होण्याचा मान द्या.

ही मागणी समजायला सरकारी अर्ज समजून घ्यावा लागतो. अमेरिकेत १९९०च्या कायद्यानुसार द्वेषमूलक गुन्ह्यांची नोंद होते. स्थानिक पोलीस एक ठरावीक अर्ज भरतात, एफबीआय तो जमा करून दरवर्षी तक्ते छापते. हल्ला धर्मावरून झाला असेल तर कोणत्या धर्मावरून, यासाठी रकाने होते : ज्यूविरोधी, कॅथलिकविरोधी, प्रोटेस्टंटविरोधी, इस्लामविरोधी, नास्तिकविरोधी, अनेक धर्मांविरोधी आणि ‘इतर’. शिखांसाठी रकानाच नव्हता. पगडीवाल्याला कुणी मारहाण केली की शिपाई ‘इतर’वर खूण करी, किंवा इस्लामवर, किंवा कशावरच नाही. रकाना नाही म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून प्रश्न आहे हे पटवता येत नाही. आकडा नाही म्हणजे पोलिसांना प्रशिक्षण नाही, प्रार्थनास्थळाला संरक्षणाचा निधी मागायला आधार नाही, शाळेत पगडी ओढणाऱ्या पोरांबद्दल तक्रार केली तर ‘एखादी घटना’ म्हणून बोळवण. गंमत म्हणजे ही मागणी गोळीबारानंतर सुचलेली नव्हती. एप्रिल २०१२ मध्येच काँग्रेसच्या ९०हून अधिक सदस्यांनी हा रकाना वाढवा असं पत्र न्याय खात्याला लिहिलं होतं. त्याच्या वर्षभर आधी कॅलिफोर्नियातल्या एल्क ग्रोव्हमध्ये संध्याकाळी फिरायला निघालेल्या दोन वृद्ध शिखांना कुणीतरी गोळ्या घातल्या होत्या. पत्राचा काही निकाल लागायच्या आत ओक क्रीक झालं.

जून २०१३ मध्ये एफबीआयच्या सल्लागार मंडळाने शिफारस केली, आणि १ जानेवारी २०१५पासूनच्या घटनांसाठी अर्जात शीख, हिंदू, बौद्ध आणि आणखी काही धर्मपंथ, शिवाय अरबविरोधी गुन्हे, असे नवे रकाने आले. म्हणजे अमेरिकेतल्या देवळावर कुणी शिव्या खरडून गेला तर आज त्याची नोंद ‘हिंदूविरोधी’ अशी होते, त्यामागे त्या कोठीच्या खोलीत श्वास रोखून बसलेल्या शीख बायकांचं आणि एका अठरा वर्षांच्या मुलाचं देणं आहे. तिथल्या आपल्या मराठी मंडळांतून याची आठवण कुणी काढली तर बरं होईल. रकाना मागल्या तारखेपासून लागू झाला नाही. २०१२च्या तक्त्यात परमजित कौरच्या धर्माचं नाव आजही नाही.

आकड्यांना रकाना मिळाल्यावर काय दिसलं? सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके गुन्हे. २०१८ मध्ये ६०. २०२२ मध्ये १८१, आणि त्या वर्षी धर्मावरून झालेल्या गुन्ह्यांत ज्यूंच्या खालोखाल शीख. द्वेष इतका वाढला की नोंद वाढली? दोन्ही असावं, आणि किती कुठलं हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मुळात अर्ज भरणं स्थानिक पोलिसांच्या मर्जीवर असतं, आणि बहुतेक ठाणी वर्षाकाठी शून्य कळवून मोकळी होतात. शून्य लिहायला कष्ट पडत नाहीत.

हे वाचताना आपल्याला दूरच्या देशाची गोष्ट वाचतोय असं वाटत असेल, तर १९८४ची, शिखांच्या कत्तलीची दिल्ली आठवावी. तिथेही पगडीच ओळखीची खूण होती. घरं शोधायला मतदारयाद्या वापरल्या गेल्या, गुरुद्वारे जाळले गेले. दिल्लीत किती माणसं मारली गेली हे सरकारी कागदावर पक्कं व्हायला १९८७ची आहुजा समिती लागली. तिने आकडा दिला २,७३३. तीन वर्षं राजधानीत मेलेल्यांची पक्की सरकारी मोजदाद झालेली नव्हती. अमेरिकेतल्या हल्लेखोराला शीख कोण ते ठाऊक नव्हतं, असं म्हणतात. दिल्लीतल्या जमावाला ते पक्कं ठाऊक होतं.

ओक क्रीकमध्ये पुढे काय झालं? तपासणी संपवून एफबीआयने ९ ऑगस्टला वास्तू परत दिली. समाजातल्या माणसांनी रक्त स्वतः धुतलं, गालिचे बदलले, भिंतींतली भोकं बुजवली. दिवाणखान्याच्या दाराच्या चौकटीतलं एक भोक मुद्दाम ठेवलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या शाळेच्या व्यायामशाळेत सहा शवपेट्या ओळीने ठेवल्या होत्या, हजारोंची रांग लागली होती, आणि देशाचे ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी या घटनेला दहशतवाद आणि द्वेषगुन्हा हे दोन्ही शब्द स्पष्टपणे वापरले. एफबीआयने नोव्हेंबरमध्ये तपास बंद केला तेव्हा मात्र निष्कर्ष असा होता की पेज एकटाच होता आणि नेमका हेतू सांगता येत नाही. अंगभर हेतू गोंदवून घेतलेल्या माणसाबद्दलचा हा निष्कर्ष.

कलेकांचा मोठा मुलगा परदीप, एके काळी मिलवॉकीत पोलीस आणि मग शिक्षक. हल्ल्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी त्याने आर्नो मायकेलिस नावाच्या माणसाला भेटायला बोलावलं. मायकेलिस मिलवॉकीचाच. ज्या टोळीत पेज होता तिच्या उभारणीत तरुण मायकेलिसचा हात होता. वंशद्वेषी वाद्यवृंदात तो गायचाही. १९९४च्या सुमारास, एकट्याने मुलगी वाढवत असताना, तो त्यातून बाहेर पडला. परदीपला त्याला एकच विचारायचं होतं : का? दोघांची दोस्ती झाली. त्यांनी मिळून शाळाशाळांतून मुलांशी बोलायचं काम सुरू केलं आणि २०१८ मध्ये एक पुस्तकही लिहिलं. या कहाणीवर अमेरिकी माध्यमं फार खूश असतात आणि त्यामुळेच मी जरा सावध होतो. मारले गेलेल्यांच्या घरच्यांनी क्षमाशील असावं, अशी अपेक्षा अल्पसंख्याकांकडून जितकी चटकन केली जाते तितकी दुसऱ्या कुणाकडून नाही. परदीपने ते केलं हा त्याचा मोठेपणा. तो इतरांवर लादण्याचा नियम नव्हे.

शीख परंपरेत ‘चढदी कला’ म्हणतात. संकटातही मन वर चढतं ठेवायचं, पडतं नाही. दरवर्षी ऑगस्टमध्ये ओक क्रीकला त्या नावाने सहा किलोमीटरची दौड होते. एरवी अशा दौडी पाच किलोमीटरच्या असतात. इथे सहा जणांसाठी सहा.

पण त्या सकाळी सातवाही एक होता. बाबा पंजाबसिंग, ६५ वर्षांचे, ठिकठिकाणी कथा-कीर्तन करणारे, काही दिवसांसाठी आलेले पाहुणे. गोळी चेहऱ्यात लागली. त्यानंतर ते ना बोलू शकले ना हलू शकले. मुलं शेजारी बसून विचारत, बाबाजी, चढदी कलेत आहात ना? ते दोनदा पापण्या मिटत. दोनदा म्हणजे हो. अशी साडेसात वर्षं गेली. २ मार्च २०२० रोजी ते वारले, आणि शवचिकित्सकाने मृत्यूच्या प्रकारापुढे लिहिलं : मनुष्यवध. मृतांचा आकडा त्या दिवशी सहाचा सात झाला.